घरातली दोन माणसं: विसाव्या शतकाच्या मध्यातली समलिंगी जोडपी आणि चित्रकला – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साधारण 1950 ते 1970 या काळात ब्रिटन-अमेरिकेतल्या मोजक्या चित्रकारांनी पुरुषांची जोडपी घरात रंगवली. न्हाणीघरात, पलंगावर, बैठकीच्या खोलीत. या चित्रांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत.

सुरुवात कोणत्या चित्रांपासून करावी?

ब्रिटिश चित्रकार डेव्हिड हॉकनीच्या तीन चित्रांपासून. 'डोमेस्टिक सीन, लॉस एंजेलिस' (1963), 'द रूम, टारझाना' (1967) आणि 'ख्रिस्तोफर इशरवूड अँड डॉन बाचार्डी' (1968). पहिल्यात आंघोळ चालली आहे, दुसऱ्यात एक तरुण पलंगावर पालथा पडला आहे, तिसऱ्यात दोन माणसं आपापल्या खुर्चीत बसली आहेत. पाच वर्षांत न्हाणीघरातून दिवाणखान्यापर्यंतचा हा प्रवास आहे, आणि तो याच क्रमाने पाहण्यात मजा आहे. त्यानंतर मागे जाऊन फ्रान्सिस बेकन, पॉल कॅडमस आणि डंकन ग्रँट पाहा. आपल्याकडचे भूपेन खक्कर शेवटी, कारण ते या मंडळींना उत्तर दिल्यासारखे वाटतात.

त्या वेळी कायदा काय म्हणत होता?

इंग्लंडमधल्या 1885च्या कायद्यात पुरुषा-पुरुषांमधल्या जवळिकीला गुन्हा ठरवताना शब्दच असे होते की कृत्य उघड्यावर झालेलं असो वा खाजगीत, शिक्षा आहेच. म्हणजे घराचं दार लावून घेतल्याने काहीही फरक पडत नव्हता. गणितज्ञ अ‍ॅलन ट्युरिंगचं प्रकरण अनेकांना माहीत आहे, पण त्यातला एक तपशील सांगताना सुटून जातो. 1952 मध्ये ट्युरिंगच्या घरी चोरी झाली, त्याने स्वतः पोलिसांत तक्रार दिली, आणि चोरीच्या तपासात घरी कोण येतं-जातं याची चौकशी होता होता खटला त्याच्यावरच उभा राहिला. याच आरोपावरून चाललेल्या 1954च्या लॉर्ड माँटेग्यू या उमरावावरच्या खटल्यात तर खाजगी पत्रं पुरावा म्हणून कोर्टात वाचली गेली.

त्याच वर्षी सरकारने या कायद्याचा फेरविचार करायला वुल्फेंडन समिती नेमली. तिचा अहवाल सप्टेंबर 1957 मध्ये आला आणि कायदा बदलायला आणखी दहा वर्षं लागली. 1967च्या कायद्याने एकवीस वर्षांवरच्या दोन पुरुषांना सूट दिली, तीही फक्त इंग्लंड आणि वेल्समध्ये, आणि फक्त 'खाजगीत'. खाजगी कशाला म्हणायचं हेही कायद्यानेच ठरवलं: तिसरा माणूस हजर असला की ते खाजगी राहत नाही. स्कॉटलंडला 1980पर्यंत थांबावं लागलं, उत्तर आयर्लंडला 1982पर्यंत. हॉकनीला स्वर्ग वाटलेल्या कॅलिफोर्नियातही असे संबंध 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत बेकायदाच होते.

या सगळ्याचा चित्रातल्या पलंग-खुर्च्यांशी काय संबंध?

सगळाच संबंध आहे. एवढी वर्षं वाद ज्यावर चालला ती जागा म्हणजे घरातली खोली. तिथे सरकारने डोकवायचं की नाही, दाराआड दोन माणसं आहेत की तीन, हे संसदेत बोललं जात होतं. अशा वेळी कुणी ती खोली आतून रंगवली, वर फुलदाणी, टेलिफोन आणि पडदेही दाखवले, तर ती सजावट राहत नाही. पडदा चित्रकारानेच बाजूला केलेला असतो. माझ्या मते या चित्रांमधल्या नग्न शरीरांपेक्षा तिथलं फर्निचर जास्त बोलतं. नग्न पुरुष युरोपच्या चित्रकलेत शतकानुशतकं होते. देवाच्या, संताच्या, योद्ध्याच्या नावाने सगळं खपून जात असे. एका पुरुषाने दुसऱ्याची पाठ चोळताना शेजारी टेलिफोन ठेवलेला असणं, हे मात्र नवीन होतं.

'डोमेस्टिक सीन, लॉस एंजेलिस'मध्ये नेमकं आहे तरी काय?

पाच फुटांचा चौरस कॅनव्हास आहे. एक पुरुष शॉवरखाली उभा आहे, पाण्याची धार पांढऱ्या रेघांनी काढली आहे. दुसरा त्याची पाठ घासतो आहे. या दुसऱ्याच्या अंगावर एप्रन आणि मोजे एवढंच. आजूबाजूला भिंती नाहीत. नक्षीदार कापडाची एक खुर्ची, एक टेलिफोन आणि फुलं रिकाम्या जागेत तरंगल्यासारखी मांडली आहेत. खोलीत शिरल्यावर आपली नजर आधी हव्या त्या गोष्टींवर जाते, बाकीची खोली नंतर भरली जाते. हॉकनीने ती नंतरची खोली गाळूनच टाकली.

गंमत अशी की हे चित्र रंगवलं तेव्हा हॉकनीने लॉस एंजेलिस पाहिलंही नव्हतं. तो तिथे गेला जानेवारी 1964 मध्ये. चित्र लंडनमध्ये झालं, आणि त्यामागे होतं 'फिजिक पिक्टोरियल' नावाचं मासिक. बॉब मायझर हा छायाचित्रकार ते लॉस एंजेलिसहून काढत असे. नावाला व्यायामाचं मासिक, दंड-बेटकुळ्यांचं. घ्यायचे कोण आणि कशासाठी, हे घेणाऱ्याला आणि विकणाऱ्याला दोघांनाही ठाऊक असायचं. स्टुडिओत उभारलेल्या खोट्या घरांत ही पोरं भांडी घासत, न्हात, कुस्ती खेळत. म्हणजे पावसाळी लंडनमध्ये बसून, दुसऱ्याने उभारलेल्या नाटकी घरावरून हॉकनीने स्वतःच्या स्वप्नातलं घर रंगवलं. एप्रन मला त्यातली सगळ्यात चावट आणि सगळ्यात कोवळी गोष्ट वाटते. एप्रन घालून उभं राहणं म्हणजे हे घर माझं आहे असं सांगणं.

त्याच वर्षीचं 'डोमेस्टिक सीन, नॉटिंग हिल' मात्र ओळखीच्या माणसांचं आहे. त्यात फॅशन डिझायनर ऑसी क्लार्क खुर्चीत बसला आहे आणि हॉकनीचा मित्र मो मॅकडर्मट नग्न उभा आहे. तिथेही भिंती नाहीत, खुर्ची-दिव्याएवढंच घर.

हॉकनीने इतके शॉवर का रंगवले?

त्याचं स्वतःचं उत्तर सरळ होतं: अमेरिकेतली माणसं सतत शॉवर घेतात, आणि शॉवरखाली शरीर नखशिखान्त, हलतं दिसतं. टबात अर्धा माणूस पाण्याखाली जातो. 'मॅन इन शॉवर इन बेव्हर्ली हिल्स' (1964) बघाल तर टाइल्सच्या रेघा, वाकलेली पाठ आणि पुढे एक झाड असं दिसेल. झाड नेमकं पायांवर आलं आहे. पाय मनासारखे जमत नव्हते, म्हणून झाड. मोठ्या चित्रकारांच्या अशा सोयी कळल्या की बरं वाटतं.

'द रूम, टारझाना' इतकं शांत का वाटतं?

उजेडामुळे. आधीच्या चित्रांत उजेड नुसता सगळीकडे असायचा, इथे तो खिडकीतून आत येतो आणि पलंगावर पडतो. पालथा पडलेला तरुण म्हणजे पीटर श्लेसिंजर, हॉकनीचा तेव्हाचा जोडीदार. 1966 मध्ये हॉकनी लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात उन्हाळी वर्ग घेत होता, तिथे दोघं भेटले. खोली मात्र पीटरची नाही. ती आली वर्तमानपत्रातल्या एका दुकानाच्या जाहिरातीतून. पलंग, टेबल, खिडकी सगळं जाहिरातीतलं, माणूस आपला. मध्यमवर्गीय जोडप्यांना पलंग विकण्यासाठी काढलेल्या फोटोत हॉकनीने आपल्या प्रियकराला झोपवलं. फ्रेंच चित्रकार बुशेच्या अठराव्या शतकातल्या पालथ्या नायिकाही त्याच्या डोक्यात होत्या, हे चित्र पाहताच कळतं. तरी जाहिरातीची चोरी मला जास्त धीट वाटते.

इशरवूड आणि बाचार्डीच्या चित्रात तर काहीच घडत नाही. मग त्याचा एवढा गाजावाजा कशासाठी?

काही घडत नाही, हीच त्या चित्राची ताकद आहे. लेखक ख्रिस्तोफर इशरवूड 1904चे, चित्रकार डॉन बाचार्डी 1934चे. दोघांची भेट 1953ची, आणि 1986 मध्ये इशरवूड वारले तोपर्यंत ते एकत्र राहिले. सांता मोनिकातल्या त्यांच्या घरातच हे चित्र बेतलं आहे. कॅनव्हास सात फूट बाय दहा फूट, म्हणजे समोर उभं राहिलं की माणसं जवळजवळ खऱ्या मापाची दिसतात. दोन खुर्च्या, मधे बुटकं टेबल, त्यावर पुस्तकांच्या थप्प्या, फळांचा वाडगा आणि एक मक्याचं कणीस. मागे बंद झडपांची खिडकी.

आता नजरा पाहा. बाचार्डी थेट आपल्याकडे बघतात. इशरवूड एका गुडघ्यावर दुसरा पाय टाकून बसले आहेत आणि मान वळवून बाचार्डींकडे बघत आहेत. हॉकनीने सांगून ठेवलं आहे की ही बैठक त्याने घडवली नाही. मोकळे बसा म्हटलं की इशरवूड आपोआप असेच बसायचे आणि डॉनकडेच बघायचे, डॉन मात्र कधी तिकडे बघायचा नाही. तीस वर्षांनी मोठा माणूस धाकट्याकडे बघतो आहे आणि धाकट्याचं लक्ष बाहेर आहे. यात प्रेम आहे, काळजी आहे, थोडी असूयाही असेल. पंधरा वर्षांच्या कुठल्याही संसारात हे सापडतं. पाश्चात्त्य चित्रकलेत नवरा-बायकोच्या जोडचित्रांची जुनी परंपरा आहे: जमीनदार आणि पत्नी, व्यापारी आणि पत्नी. ती बैठक, तो आकार, ते टेबल हॉकनीने जसंच्या तसं उचललं आणि त्यात दोन पुरुष बसवले. वर स्पष्टीकरणाचा एक शब्दही दिला नाही.

(जाता जाता: भगवद्गीतेचा स्वामी प्रभवानंदांसोबत इंग्रजी अनुवाद करणारे इशरवूड ते हेच. तो 1944 मध्ये आला.)

हॉकनीच्या आधी कुणीच नव्हतं का?

होते, आणि त्यांचं काम जास्त जोखमीचं होतं. फ्रान्सिस बेकनचं 'टू फिगर्स' 1953चं. पांढऱ्या चादरीच्या पलंगावर दोन पुरुष एकमेकांना भिडलेले, दातओठ दिसतात, आजूबाजूला काळोख आणि पिंजऱ्यासारख्या बारीक रेघा. बेकनला आधार मिळाला एडवर्ड मायब्रिजच्या एकोणिसाव्या शतकातल्या कुस्तीगीरांच्या छायाचित्रांचा. विचारलं तर कुस्ती म्हणता येईल. पण कुस्ती चादरीवर खेळत नाहीत. हे चित्र पुढे बरीच वर्षं लुसियन फ्रॉइड या चित्रकाराच्या घरात राहिलं, त्यामुळे लोकांच्या नजरेस फार कमी पडलं. हॉकनीच्या खोलीत ऊन आहे, बेकनच्या खोलीत कोंडवाडा आहे. या दोन खोल्यांमध्ये फक्त दहा वर्षांचं अंतर आहे.

डंकन ग्रँटची तऱ्हा निराळी. ससेक्समधलं चार्ल्सटन नावाचं शेतघर त्याने आणि व्हनेसा बेल हिने दारं, चुली, कपाटं रंगवून सजवलं. लोक आज ते घर पाहायला जातात. पण 1940-50च्या दशकांत याच ग्रँटने पुरुषांच्या प्रणयाची चारशेहून अधिक रेखाटनं केली, आणि ती भिंतीवर गेली नाहीत. 1959 मध्ये त्याने ती एडवर्ड ल बा या चित्रकार मित्राच्या हवाली केली. पुढे साठ वर्षं ती एका मित्राकडून दुसऱ्याकडे गुपचूप जात राहिली, शेवटी एकाच्या पलंगाखाली होती. 2020 मध्ये ती चार्ल्सटनला परत आली. घराच्या भिंतीवर काय आणि पलंगाखाली काय, एवढ्यावरूनही त्या पिढीचा इतिहास लिहिता येईल.

अमेरिकेत पॉल कॅडमसने 1951 मध्ये 'द बाथ' केलं. साध्याशा न्हाणीघरात दोन पुरुष, एक टबात, दुसरा आवरतो आहे. माध्यम अंड्याच्या बलकाचं, म्हणजे युरोपात धार्मिक चित्रांसाठी वापरलं जाणारं, हळूहळू बारीक रेघांनी भरत जायचं. सकाळच्या घाईच्या प्रसंगाला एवढं संथ माध्यम वापरणं मला फार आवडतं. हॉकनीच्या किती आधी हे झालं, तेही ध्यानात घ्या.

ही सगळी श्रीमंतांची घरं नाहीत का? पोहण्याचे तलाव, ऊन, मोठमोठ्या खिडक्या...

बरीचशी आहेत, आणि हा आक्षेप योग्य आहे. दार बंद करून घ्यायचं तर आधी दार आपलं असावं लागतं. घरमालकिणीच्या नजरेखाली भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला 'खाजगीत' हा शब्द फारसा उपयोगाचा नव्हता.

पण म्हणूनच रॉबर्ट कोहून आणि रॉबर्ट मॅकब्राइड यांची आठवण ठेवावी. स्कॉटलंडच्या कामगारवस्तीतून आलेली ही दोन पोरं 1933 मध्ये ग्लासगोच्या कलाशाळेत भेटली आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं एकत्र राहिली. लंडनमध्ये सगळे त्यांना 'दोन रॉबर्ट' म्हणत. बेडफर्ड गार्डन्समधल्या त्यांच्या स्टुडिओत दारू, भांडणं आणि पाहुणे यांना तोटा नसे. स्वयंपाक आणि घरकाम मॅकब्राइडकडे. तो रंगवायचा भाज्या, फळं, टेबलं. कोहून रंगवायचा माणसं, पुष्कळदा दोन बायका शेजारी शेजारी बसलेल्या. स्वतःचं जोडपं त्यांनी असं समोर मांडलं नाही. मांडलं असतं तर तुरुंगाची भीती खरी होती. मॅकब्राइडचं स्वयंपाकघराचं टेबल मी मात्र त्या संसाराचंच चित्र म्हणून बघतो. दोघांची अखेर हलाखीत झाली: कोहून 1962 मध्ये गेला, मॅकब्राइड 1966 मध्ये.

ती माणसं नुसती मित्र असतील. प्रत्येक चित्रात हेच का शोधायचं?

प्रत्येक चित्रात शोधू नये. कीथ व्हॉनच्या चित्रांतल्या बिनचेहऱ्याच्या पुरुषांना जबरदस्तीने जोडपं ठरवण्यात अर्थ नाही. त्याची रोजनिशी स्पष्ट बोलते, चित्रं मुद्दाम कमी बोलतात, आणि ते कमी बोलणंही पाहण्यासारखं आहे. पण जिथे चित्रकाराने स्वतः खुणा पेरल्या आहेत तिथे 'नुसते मित्र' म्हणणं म्हणजे डोळ्यांवर कातडं ओढणं. हॉकनीचं 'वी टू बॉइज टुगेदर क्लिंगिंग' (1961) घ्या. शीर्षक वॉल्ट व्हिटमनच्या कवितेचं, दोन आकृत्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि कॅनव्हासवर सार्वजनिक मुतारीच्या भिंतीवर खरडावेत तसे शब्द आणि आकडे. त्या काळात तो इंग्रजी अक्षरांच्या जागी क्रमांक घालायचा, पहिल्या अक्षराला एक, चौथ्याला चार. ही युक्तीही व्हिटमनची. त्याने आपल्या वह्यांत पीटर डॉइल या जिवलगाचं नाव 16.4 असं लिहिलं होतं. 1961चा आकड्यांत लपणारा मुलगा 1968 मध्ये दहा फुटांच्या कॅनव्हासवर एका जोडप्याला नावानिशी बसवतो.

स्त्रिया कुठे आहेत?

फार कमी, आणि त्याची कारणं चित्रकलेच्या बाहेरची आहेत. ब्रिटनच्या कायद्याने स्त्रियांमधल्या संबंधांना गुन्हा ठरवलंच नव्हतं. दखलच न घेणं हीसुद्धा एक शिक्षा असते. दालनांचे मालक, समीक्षक, ग्राहक बहुतेक पुरुष. तरी ग्लक या चित्रकर्तीचं 'मेडॅलियन' पाहाच. ते जरा आधीचं आहे, 1930च्या दशकातलं: ग्लक आणि तिची प्रिया नेस्टा ओबरमर, दोघींचे चेहरे एकामागे एक, नाण्यावर कोरल्यासारखे. त्यात खोली नाही, घर नाही, नुसती दोन मस्तकं. घर दाखवणंही सगळ्यांना परवडत नव्हतं, हे त्या चित्राशेजारी हॉकनी ठेवला की कळतं.

आपल्याकडे असं काही आहे का?

आहे, पण उशिरा आणि उलट्या बाजूने. भूपेन खक्कर यांचा जन्म 1934चा, मुंबईतल्या खेतवाडीतला. घर गुजराती, शिक्षण चार्टर्ड अकाउंटंटचं, मधे जे. जे. स्कूलचे संध्याकाळचे वर्ग. 1962 मध्ये ते बडोद्याला गेले आणि तिथलेच झाले. दिवसा हिशेब, बाकी वेळ चित्रं, शिवाय गुजरातीत कथालेखन. 1970च्या दशकात इंग्लंडला जाऊन आल्यावर पुरुषांची जोडपी उघडपणे एकत्र राहतात हे त्यांनी पाहिलं. हॉकनीची चित्रंही त्यांच्या ओळखीची होती. तरी स्वतःबद्दल चित्रांतून बोलायला 1980 उजाडावं लागलं, आई गेल्यानंतर.

त्यांचं 'यू कान्ट प्लीज ऑल' 1981चं. एक नग्न माणूस बाल्कनीत पाठमोरा उभा आहे. खाली गाव, आणि गावात बाप, मुलगा आणि गाढवाची ती आपल्या सगळ्यांना पाठ असलेली गोष्ट टप्प्याटप्प्याने चालली आहे: बसलं तरी लोक बोलतात, उतरलं तरी बोलतात. हॉकनीच्या खोलीत तिसरं माणूस नसतं, कायद्यालाही तेच हवं होतं. खक्करांच्या घरात तिसरं, चौथं, चाळिसावं माणूस आहेच. चाळीत किंवा पोळात, म्हणजे गुजरातेतल्या दाटीच्या गल्लीत, वाढलेल्याला रिकामी शांत खोली ही कल्पनाच परकी. तेव्हा हा माणूस दार लावून घेत नाही. तो कपडे उतरवून बाल्कनीत येतो आणि लोकांकडे बघतो. 'चार भिंतींच्या आत काय ते करा' या सल्ल्याला यापेक्षा नेमकं उत्तर मला कुठल्याही देशाच्या चित्रकलेत दिसलेलं नाही. आणि हे सगळं कलम 377 लागू असताना. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते सर्वोच्च न्यायालयाने काढलं सप्टेंबर 2018 मध्ये, खक्कर जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर.

ही चित्रं प्रत्यक्ष कुठे पाहता येतील?

'मॅन इन शॉवर' आणि 'यू कान्ट प्लीज ऑल' लंडनच्या टेट संग्रहात आहेत. दुसरं टेटने 1996 मध्ये घेतलं. 'द बाथ' न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाचं आहे. मोठी संग्रहालयं चित्रं आलटून पालटून लावतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी त्या दिवशी चित्र भिंतीवर आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर बघून घ्या. हॉकनीची बरीच गाजलेली जोडचित्रं खाजगी मालकीची आहेत, ती एखाद्या मोठ्या प्रदर्शनातच दिसतात.

घरी मुलांसमोर या चित्रांचं पुस्तक उघडायचं का?

इशरवूड-बाचार्डीचं चित्र कुठल्याही वयाला चालेल. मुलं बहुधा आधी मक्याच्या कणसाबद्दलच विचारतील. बेकन थोडा थांबू द्या, तो मोठ्यांनाही झेपत नाही.